आईच्या रिपोर्टातलं निगेटिव्ह

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की तुम्ही सगळ्यांत आधी काय बघता? खरं सांगा. ज्याच्या अंगातून ते रक्त काढलं त्याच्याकडे बघता, की ठळक छापलेला शब्द शोधता?

मी शब्द शोधला. सापडलाही. 'निगेटिव्ह.' आणि त्या एका शब्दावर मी एवढं रान उठवलं की त्यात माझ्या आईच्या बोटांचे तीन आठवडे वाया गेले. ही गोष्ट लिहायला मला घरातल्या कुणी सांगितलेलं नाही. आई तर म्हणाली, "झालं ते झालं, कशाला उगाळतीस?" पण जी माणसं दुसऱ्यांच्या चुकांवर पत्रकं काढतात, त्यांनी स्वतःच्या चुकीवर निदान चार पानं लिहावीत असं माझं मत आहे.

आम्ही कराडला लागूनच असलेल्या मलकापुरात राहतो. आई कराडमधल्या एका छापखान्यात गेली बावीस वर्षं बाइंडिंगच्या टेबलावर काम करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, प्रगतिपुस्तकं, सभासंमेलनांची पत्रकं. छापलेला कागद तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. नोकरीत असताना त्यांचा रविवार पत्रकं वाटण्यात जायचा. जातीविरुद्ध, भोंदूबाबांविरुद्ध, मुलींची शाळा सोडवणाऱ्यांविरुद्ध. मी वाचायला शिकले ती छापताना डाग पडलेल्या पत्रकांवर. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलेला शब्द 'जाहीर निषेध' होता, असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोटं आहे. मी आधी 'बंधू आणि भगिनींनो' वाचलं होतं.

आईचा टेबलावरचा नियम एकच. वाचल्याशिवाय घडी घालायची नाही. छापखान्यात नवीन आलेल्या बायका हसायच्या. पाचशे कागदांच्या घड्या घालायच्या तर त्यात वाचायचं काय? आई म्हणायची, "एकच वाचायचा हाय गं. बाकीचे चारशे नव्व्याण्णव तेच बोलत्यात."

गेल्या दिवाळीनंतर आईची बोटं सकाळी वळेनाशी झाली. आधी आम्ही थंडीवर ढकललं. मग चहाच्या पातेल्याला सांडशी धरता येईना, पिठाच्या डब्याचं झाकण उघडेना. दोन्ही हातांची मधली पेरं सुजून गोल झाली होती, बोरं ठेवल्यासारखी. "माझी बोटं धा वाजेस्तवर उठतच न्हाईत," ती हसून सांगायची. तिच्याकडे लाकडाची एक गुळगुळीत पट्टी आहे, कागदाची घडी घातली की त्यावरून ती दाबून फिरवायची. ती पट्टी हातातून सटकायला लागली. मग आई तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं घडी दाबायला लागली आणि नवाच्या ठोक्याला हजर असणारी बाई अकराला कामावर पोहोचायला लागली.

सल्ले तर वारेमाप आले. वात आहे, गार पाण्यात हात घालू नका. युरिक ॲसिड वाढलंय, डाळ बंद करा. आईनं डाळ बंद केली. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ डाळ खाणारी ती एकटीच. दोन महिने तिनं भात ताकाशी खाल्ला आणि तोंडातून तक्रार काढली नाही.

शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, युरिक ॲसिड. दुसऱ्या दिवशी मी आणि आई रिपोर्ट आणायला गेलो. खिडकीतल्या माणसानं पाकीट देतादेता आत डोकावलं आणि म्हणाला, "मावशी, आरए निगेटिव्ह हाय बगा. संधिवात न्हाई. पेढं वाटा!"

पेढे नाही, पण अण्णांनी गरम जिलेबी आणली. आम्ही तिघांनी ती उभ्याउभ्याच संपवली.

गल्लीतल्या डॉक्टरांना मात्र जिलेबी मानवली नसती. त्यांनी आरएच्या ओळीवरून नजर पुढे नेली. ईएसआर वाढलेला, सीआरपी वाढलेला. "आत कुठंतरी सूज आहे. सांगलीला संधिवाताच्या डॉक्टरांना हात दाखवून या," ते म्हणाले.

आई आणि अण्णा सांगलीला गेले त्या दिवशी मी साताऱ्यात कार्यकर्त्यांच्या शिबिरात होते. विषय होता 'विवेकाने कसे विचारावे'. हे मी कुणाला हसवायला लिहीत नाहीये, खरोखर तोच विषय होता. संध्याकाळी घरी आले तर आईच्या हातात गोळ्यांची पिशवी, आणखी एका रक्ततपासणीची चिठ्ठी आणि एका कागदावर निदान. रुमॅटॉइड, म्हणजे सांध्यांना आतून सूज आणणारा संधिवात.

मी गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं. पहिल्याच ओळीत कॅन्सर. माझं डोकं सरकलं.

"आई, यातली एकसुद्धा गोळी घ्यायची नाही."

"अगं, डॉक्टरीणबाईंनी लय निवांत तपासलं. एकेक पेर दाबून बगितलं."

"बघणारच. रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तो दाबून पॉझिटिव्ह करायचा असेल."

अण्णा म्हणाले, "तपासताना तू न्हवतीस गड्या." अण्णा लाडात मला गड्या म्हणतात. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

आईनं पिशवी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. का? तर लेक शिकलेली, लेक पत्रकं लिहिते, लेकीला कळतं. तिनं माझं ऐकलं. या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पत्रक लिहिलं. मथळा: 'निगेटिव्ह रिपोर्ट, पॉझिटिव्ह धंदा!' डॉक्टरांचं नाव लिहिलं नव्हतं, पण 'सांगलीतील एक सुप्रसिद्ध संधिवाततज्ज्ञ' एवढं लिहिलं की सांगलीला कळतं. तिसऱ्याच ओळीत मी ठोकून दिलं होतं: 'निगेटिव्ह याचा अर्थ आजार नाही, हे शाळकरी पोरही सांगेल.' छापखाना लग्नसराईत गळ्यापर्यंत बुडालेला होता, म्हणून माझा नंबर लागायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आईच्या उजव्या मनगटालाही सूज आली. तिचा हात डोक्याच्या मागे जाईना. सकाळी मी तिची वेणी घालायला लागले. आम्ही दोघी उंबऱ्यात बसायचो, ती पुढे, मी मागे. तिच्या केसांना खोबरेल आणि शाईचा मिळून एक वास येतो. मला ते आवडायचं, आणि ते आवडतंय याची लाजही वाटायची.

पत्रक छापून झाल्याचा निरोप आला तशी मी दुपारी छापखान्यात गेले. गठ्ठा आईच्या टेबलावर होता. ती वरचा कागद वाचत होती. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला.

"ह्ये तिसऱ्या वळीत लिवलंयस ते कुणाला इचारलंस?"

"रिपोर्टमध्येच आहे ना, आई."

"रिपोर्टात निगेटिव्ह लिवलंय. आजार न्हाई असं कुठं लिवलंय?"

"तेच ते."

तिनं टेबलाचा खालचा खण ओढला. ओढताना तोंड वाकडं झालं, पण तिनं मला हात लावू दिला नाही. खणात दोऱ्याची रिळं होती, जुने ठसे होते आणि पूर्वी ज्यावरून छपाईची प्लेट करायचे त्या फिल्मचे तुकडे होते. एक तुकडा उचलून तिनं ट्यूबलाइटसमोर धरला. काळ्याभोर फिल्मवर कसल्यातरी जुन्या पत्रकाची अक्षरं, आरपार, पांढरी.

"ह्याला काय म्हंत्यात?"

"निगेटिव्ह."

"ह्याच्यावर काय न्हाई व्हय?"

"आहे की. काळ्यावर पांढरं आहे."

"काय न्हाई असं आसतं, तर तुज्या बापानं इतकी वर्सं वाटलं काय? कोरा कागद?"

मशीनवरची माणसं हसली. मी चिडले. "आई, रक्तातलं निगेटिव्ह वेगळं असतं!"

"आसंल येगळं. मी कुठं डॉक्टर हाय? पर तुला तरी कुठं ठावं हाय ते? त्या बाईला इचारू या. तवर मी ह्याची घडी घालनार न्हाई."

आणि मग मी बोलू नये ते बोलले. "तसंही तुझ्या हातानं घडी पडतेय कुठं?"

 आईनं फिल्म परत खणात ठेवली. "पडत न्हाई ते खरं हाय," ती म्हणाली. "पर म्हनून न्हाई म्हनत मी. खोटं आसंल तर काय, म्हनून न्हाई म्हनते."

बावीस वर्षांत तिनं परत पाठवलेला तो पहिला गठ्ठा.

दोनच दिवसांनी आम्ही दोघी सांगलीच्या एसटीत बसलो. पत्रकाची एक प्रत आईनं पिशवीत घातली होती. कशाला, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक, आवाज मऊ. आम्ही खुर्चीवर बसतोय न बसतोय तोच आईनं तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. "आवं बाई, ही माजी लेक. हिनं तुमच्यावर ह्ये लिवलंय. आजून वाटलं न्हाई."

मला तिथून उठून थेट एसटी स्टँड गाठावंसं वाटलं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचलं.

"शुद्धलेखन छान आहे. 'रुमॅटॉइड' सुद्धा बरोबर लिहिलंय, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना जमत नाही. एक ओळ तेवढी चुकलीये, तिसरी. ती बरोबर असती तर मीच तुम्हाला वाटायला मदत केली असती."

मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो आता?"

"आदी दोन तास लागायचं. आता तीन-चार लागत्यात."

"गोळी सुरू केली होती ना?"

"इसरले," आई म्हणाली. मला वाचवायला.

"मी घेऊ दिली नाही," मी म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आईचा रिपोर्ट उघडला आणि माझ्याकडे सरकवला. "चला, वाचू या. तुम्ही विचारा."

मी विचारलं. आरए फॅक्टर म्हणजे रक्तातला एक घटक. हा आजार असलेल्या पुष्कळ जणांत तो सापडतो, काही जणांत शेवटपर्यंत सापडत नाही, आणि सांधे तरीही सुजतात. उलटही होतं. एखाद्या म्हाताऱ्या, ठणठणीत माणसाच्या रक्तात तो सापडतो आणि त्याच्या बोटांना काहीही होत नाही. चिठ्ठीतली दुसरी तपासणी, जी आईनं मधल्या आठवड्यांत करून घेतली होती, ती अँटी-सीसीपी. ती पॉझिटिव्ह आली तर बरीच खात्री होते. निगेटिव्ह आली तर मात्र आजार नाही असं म्हणता येत नाही. आईची तीही निगेटिव्ह होती. ईएसआरचं त्यांनी फार सोपं सांगितलं. रक्त एका बारीक नळीत उभं ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजतात. अंगात सूज असली की त्या भराभर बसतात. पण अंगात रक्त कमी असलं, वय झालं, कसला संसर्ग झाला तरीही तो आकडा चढतो. आईचं हिमोग्लोबिन कमीच होतं. सीआरपीसुद्धा सूज आहे एवढंच सांगतो, सूज कुठं आहे ते सांगत नाही.

"मग तुम्ही ठरवता कशावरून?" माझा आवाज अजून सभेतलाच होता.

"या हातांवरून. दोन्ही हातांची तीच तीच पेरं, दाबलं की मऊ लागणारी सूज, सकाळचा ताठरपणा, आणि हे सगळं दोन महिन्यांच्या वर. बाकीची कारणं मी तपासून बाजूला काढली. पहिल्याच दिवशी केलेल्या हाताच्या सोनोग्राफीत सांध्याचं अस्तर सुजलेलं दिसलं. रिपोर्ट मोर्चाला आलेल्या माणसांसारखे आहेत हो. एक माणूस आला नाही म्हणून तुम्ही मोर्चा रद्द करता का?"

आई एवढी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"आनि ते युरिक?" आईनं विचारलं.

"नॉर्मल आहे. का?"

"म्हंजे डाळ खाऊ?"

"डाळ कुणी बंद केली?"

"सगळ्यांनी," आई म्हणाली.

गोळीचंही त्यांनी सांगितलं. तीच गोळी मोठ्या प्रमाणात कॅन्सरला देतात हे खरं. इथं ती अगदी कमी, आणि आठवड्यातून एकदाच. "एकदाच," त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "रोज घेतली तर जिवावर बेतेल. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. तुमचं अक्षर चांगलं असेलच." मी बुधवार लिहिला. गोळी चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि किडनी तपासायची. "ते रिपोर्ट आजाराचे नाहीत, गोळीचे आहेत. ते चुकवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. आणि आईला सांगितलं, रोज सकाळी मूठ किती वाजता वळली ते लिहून ठेवा, मला आकड्यांइतकंच ते लागतं.

माझा राग मात्र पुरता विझला नव्हता, आणि विझायची गरजही नव्हती. मी विचारलं, हे सगळं रिपोर्टावर मराठीत का छापत नाहीत? खिडकीतला माणूस निदान करतो आणि आम्ही जिलेबी खातो, ही कुणाची चूक?

"हा प्रश्न बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "यावर काढा पत्रक."

परतीच्या एसटीत आईनं भडंगाची पुडी माझ्यापुढे धरली. तिची बोटं पुडीत शिरत नव्हती, म्हणून मी मूठ भरून तिच्या तळहातावर ओतत होते आणि ती तोंडात टाकत होती. वाटेतल्या उसावर पिवळं ऊन पडलं होतं. मी म्हणाले, "आई, छापखान्यात बोलले ते..." ती म्हणाली, "भडंग लय तिखट हाय न्हाई?" विषय संपला. त्या संध्याकाळी घरी डाळ शिजली. अण्णा तीन वाट्या प्याले, कसलंच पथ्य नसताना.

पहिला महिनाभर काहीच फरक नव्हता. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं, गोळीला वेळ लागतो. तरी मी रोज सकाळी आईच्या हाताकडे चोरून बघायचे. आई घड्याळ बघून लिहायची: नऊ चाळीस. नऊ पस्तीस. पुन्हा दहा. उन्हाळा लागेपर्यंत साडेआठ, आठ. एके दिवशी मी तेलाची बाटली घेऊन उंबऱ्यात बसले आणि बघते तर तिची वेणी घालून झालेली. आरशापुढे उभी राहून ती रबर लावत होती. मला आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं.

उजवा अंगठा अजून कधीमधी ठणकतो. पण ती नवाला टेबलावर असते, घडी पडते, आणि वाचल्याशिवाय पडत नाही. मध्यंतरीच्या तपासणीत ईएसआर आणि सीआरपी दोन्ही नेमल्या हद्दीत आले. अण्णांनी रिपोर्ट पंख्यासारखा हलवला. "नॉर्मल! आता गोळ्या बंद!"

"आवं, गोळ्यांमुळं नॉर्मल हाय," आई म्हणाली. "वर्कशॉपात गाडीला ब्रेक लागतुया म्हनून ब्रेक काढून ठिवत हुता व्हय?"

अण्णांनी रिपोर्ट खाली ठेवला. डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तशा कमी करायच्या, असं ठरलं. म्हणजे आईनं ठरवलं.

जुना गठ्ठा मी रद्दीत घातला आणि बाई म्हणाल्या होत्या त्या प्रश्नावर नवं पत्रक काढलं. तेव्हापासून आमच्या ओसरीवर बायका येतात, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी डॉक्टर नाही, हे मी पहिलं सांगते. एकीच्या घरी 'आरए पॉझिटिव्ह' वाचून, लागण होईल या भीतीनं तिचं ताट वेगळं मांडायला लागले होते. पॉझिटिव्ह हा शब्द आपल्याकडे काय काय भोगायला लावतो! आईनं तिला आत नेऊन आपल्या ताटात जेवायला घातलं आणि मी तिच्या नवऱ्याशी बोलले. सभेतल्या आवाजात बोलले. त्या आवाजाचाही कधीतरी उपयोग असतो. मग ती सांगलीला जाऊन आली. तिच्या सांध्यांना सूजच नव्हती.

माझं तुम्हाला एकच सांगणं आहे, आणि ते तुम्ही उद्या सकाळीच करावं. तुमच्या घरात कुणाची बोटं सकाळी वळत नसतील, मग ती आई असो, सासू असो की तुम्ही स्वतः असा, तर एक कोरा कागद आणि पेन उशाशी ठेवा. उठल्याची वेळ लिहा. मूठ नीट वळली ती वेळ लिहा. कुठली पेरं सुजली, दोन्ही हातांची की एका, ते लिहा. आठवडाभर रोज लिहा. मग तो कागद रिपोर्टच्या वर टाचून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि आधी तो वाचायला सांगा.